सावरेल मग पाठवू: मायट्रल झडपेचा स्नायू तुटलेल्या रुग्णाचे १९० किलोमीटरचे स्थलांतर

हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. एका ठरावीक रुग्णाची ही नोंद नाही. मात्र यातल्या मात्रा, हिशेब आणि चुका अशा स्थलांतरात जशा असतात तशाच ठेवल्या आहेत.

रुग्ण ६२ वर्षांचे पुरुष, वजन ६८ किलो. छातीत दुखू लागल्यावर सात तासांनी प्रादेशिक रुग्णालयात आले. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसला. या रुग्णालयात आयसीयू, व्हेंटिलेटर आणि टूडी इको आहे, पण कॅथलॅब (अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी करण्याची खोली) नाही आणि हृदयशल्यचिकित्सकही नाही. हृदयशस्त्रक्रिया होणारे सर्वांत जवळचे केंद्र १९० किलोमीटरवर, म्हणजे रस्त्याने साडेतीन तासांवर. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे, हा नियम इथे बरोबर पाळला गेला. ६० ते ६९ किलो वजनाला टेनेक्टेप्लेस ३५ मिग्रॅ, तेवढेच दिले. सोबत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ३०० मिग्रॅ आणि एनॉक्सापॅरिन, ही नवी गुठळी होऊ न देणारी औषधे. दीड तासाने ईसीजीतला उंचावलेला भाग निम्म्याहून खाली आला, दुखणे थांबले.

न झालेले पहिले स्थलांतर

गुठळी विरघळली तरी काम संपत नाही. औषध लागू पडलेल्या रुग्णाचीही २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी, म्हणून औषध देतानाच पुढच्या केंद्राला फोन जायला हवा. तो गेला नाही. रुग्ण बसून जेवत होते, बीपी १२४/७८ होते, नातेवाइकांनाही वाटले की धोका टळला. ‘बरे वाटतेय, कशाला हलवायचे’ हे वाक्य अशा वेळी सगळ्यांनाच पटते. पण हलवायला सर्वांत सुरक्षित वेळ तीच असते. ते दोन दिवस रुग्ण साध्या रुग्णवाहिकेतून, एका मॉनिटरवर आणि एका सलाईनवर जाऊ शकले असते. तिसऱ्या दिवशी याच प्रवासाला व्हेंटिलेटर, तीन सिरिंज पंप आणि भूलतज्ज्ञ लागले.

तिसऱ्या दिवशी पहाटे ४:१०

अचानक दम लागला. नाडी १२८, बीपी ८४/५०, ऑक्सिजन ८२ टक्के, दोन्ही फुप्फुसांत पाणी. लघवीवाटे पाणी काढणारे फ्युरोसेमाइड दिले, मास्कचा व्हेंटिलेटर लावला. इथवर ठीक. पुढच्या चार तासांत मात्र निदान तीनदा हातचे निसटले. त्या तीनही जागा ओळखून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली जागा कानाची. मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरचा कप्पा (कर्णिका) आणि खालचा कप्पा (जवनिका) यांच्यामध्ये असते आणि रक्त उलटे वर जाऊ देत नाही. ती गळू लागली की मोठी कुरकुर ऐकू येईल अशी आपली अपेक्षा असते. तिची पाने धरून ठेवणारा पॅपिलरी स्नायू पूर्ण तुटतो तेव्हा झडप जवळजवळ उघडीच राहते, डाव्या कर्णिकेतला दाब झपाट्याने जवनिकेच्या दाबाला येऊन मिळतो आणि आवाज मंद होतो, कधी ऐकूच येत नाही. कुरकुर नाही म्हणून गळती नाही, असे इथे म्हणता येत नाही.

दुसरी जागा क्ष-किरणाची. पाणी दोन्हीकडे होते, पण उजव्या वरच्या भागात जास्त होते. त्यावरून न्यूमोनिया धरून प्रतिजैविके सुरू झाली. मायट्रल झडपेतून मागे येणारा झोत कधीकधी उजव्या वरच्या फुप्फुसशिरेकडे वळतो, म्हणून तिथे पाणी अधिक साचते. झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात असे चित्र दिसले तर जंतूंच्या आधी झडप आठवावी.

तिसरी जागा इकोची, आणि सर्वांत जास्त वेळ हिनेच खाल्ला. सकाळी ६:५० ला झालेल्या पहिल्या इकोच्या अहवालात होते: ‘ईएफ ६५ टक्के, मध्यम गळती’. ईएफ म्हणजे प्रत्येक ठोक्याला जवनिकेतले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते तो आकडा. ईएफ चांगला, मग हृदय चांगले, असा अर्थ लावला गेला. वस्तुतः शॉकमधल्या रुग्णाचे हृदय जोरात आकसताना दिसले की संशय वाढायला हवा. निम्मे रक्त मागे कर्णिकेत जात असल्यामुळे जवनिका सहज रिकामी होते आणि ईएफ फुगलेला दिसतो. रंगीत झोत भिंतीला चिकटून तिरका जातो, दाबाचा फरकही कमी असतो, म्हणून गळती आहे त्याहून लहान दिसते. ८:३० ला फिजिशियननी स्वतः पुन्हा प्रोब ठेवला. झडपेचे पान कर्णिकेत उलटत होते आणि त्याच्या टोकाला स्नायूचा तुकडा लोंबकळत होता. निदान झाले: मागच्या-आतल्या बाजूचा पॅपिलरी स्नायू तुटला आहे.

हाच स्नायू का, तर पुढच्या-बाहेरच्या स्नायूला बहुधा दोन रोहिण्यांचे रक्त मिळते आणि याला बहुधा एकाच. ती बंद पडली की पर्याय उरत नाही. त्यामुळे हा प्रकार खालच्या भिंतीच्या झटक्यात अधिक होतो, आणि झटका लहान असला तरी होतो.

फोन

८:४० ला केंद्राला पहिला फोन गेला. बोलणे साधारण असे होते: ‘हार्ट अटॅकचा पेशंट आहे, दम लागलाय, बीपी कमी आहे, आयसीयूत बेड आहे का?’ उत्तर आले, बेड नाही. तासाभराने दुसरा फोन वेगळ्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, आधी स्थिर करा, मग पाठवा. तिसरा फोन ११:१५ ला थेट हृदयशल्यचिकित्सकांना लागला आणि चार मिनिटांत होकार मिळाला.

या अडीच तासांत केंद्राकडे काहीच बदलले नव्हते. बदलला तो प्रश्न. तिसऱ्या वेळी पहिलेच वाक्य असे होते: ‘६२ वर्षांचे पुरुष, खालच्या भिंतीच्या झटक्याचा तिसरा दिवस, पॅपिलरी स्नायू तुटला आहे, आज शस्त्रक्रिया हवी, तुम्ही स्वीकारता का?’ सोबत इकोची आठ सेकंदांची चित्रफीत गेली. आधी लेखी अहवाल पाठवला होता, आणि तोही सकाळचा, ‘मध्यम गळती’वाला. शल्यचिकित्सकांना अहवाल नको असतो, हलते चित्र हवे असते. ते पाहिल्यावर त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

‘स्थिर करा, मग पाठवा’ हा सल्ला पुष्कळ रुग्णांसाठी योग्य आहे. रक्तस्राव थांबवता येतो, फिट थांबवता येते, साखर वर आणता येते. इथे बिघाड यांत्रिक आहे. तुटलेला स्नायू औषधाने जुळत नाही, आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर असे अनेक रुग्ण २४ तासही काढत नाहीत. शस्त्रक्रियेतही पाचांतले एक ते दोन दगावतात. तरी जगण्याची वाट तिथूनच आहे. या रुग्णाचे स्थैर्य १९० किलोमीटरवर होते. इथे साधायची होती ती फक्त प्रवास सोसवेल अशी अवस्था: श्वासनलिका सुरक्षित, सरासरी रक्तदाब ६५ च्या आसपास, ऑक्सिजन ९० च्या वर. तेवढे झाले की निघायचे.

बेडबद्दलही तसेच. या रुग्णाला पोहोचल्यावर आधी कॅथलॅबचे टेबल लागते, मग शस्त्रक्रियेचे. आयसीयूतला बेड पोहोचल्यानंतर पाच-सहा तासांनी लागतो. महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीच्या) सुरुवातीच्या भागाची चीर, झटक्यानंतर फाटलेला दोन जवनिकांमधला पडदा किंवा स्नायू, आणि तातडीची अँजिओप्लास्टी, एवढ्या रुग्णांसाठी केंद्राने ‘आधी स्वीकार, बेड नंतर’ असा लेखी नियम करावा आणि फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा.

कोणी आणायचे?

केंद्राकडे बलून पंपासह फिरते पथक होते. बलून पंप म्हणजे महारोहिणीत ठेवलेला, ठोक्यांच्या तालावर फुगणारा आणि रिकामा होणारा बलून. तो महारोहिणीतला विरोध कमी करतो, त्यामुळे मागे जाणारे रक्त कमी होऊन पुढे जाणारे वाढते. झटक्यानंतरच्या सर्वसाधारण शॉकमध्ये बलून पंपाने मृत्यू कमी होत नाहीत, हे २०१२ च्या आयएबीपी-शॉक २ या ६०० रुग्णांच्या चाचणीत दिसले. पण स्नायू किंवा पडदा तुटलेल्यांचा प्रश्न त्या चाचणीने सोडवलेला नाही आणि त्यांच्यात शस्त्रक्रियेपर्यंतचा आधार म्हणून तो आजही वापरतात. मग पथकाची वाट पाहायची का? ११:१५ ला हिशेब असा होता: तयारी पाऊण तास, येणे साडेतीन तास, पंप बसवून आवराआवर एक तास, परत साडेतीन तास. एकूण पावणेनऊ. स्थानिक पथक निघाले तर सुमारे साडेचार. स्थानिक पथकानेच निघायचे ठरले आणि ते बरोबर होते.

पण हाच हिशेब ८:४० चा करून पाहावा. पहिल्याच फोनवर पथक हलले असते तर ते १२:५५ ला पोहोचले असते. रुग्ण प्रत्यक्षात निघाले १:०५ ला. म्हणजे अडीच तास बोलण्यात गेले नसते, तर जवळपास त्याच वेळी बलून पंप दारात उभा असता.

निघण्याची तयारी

श्वासनलिकेत नळी ९:३० ला घातली. असा रुग्ण भूल देताना कोसळतो, म्हणून रोहिण्या आवळून बीपी वाढवणारे नॉरॲड्रिनॅलिन आधी सुरू केले आणि भुलीच्या औषधाची, केटामिनची, मात्रा निम्म्याने कमी ठेवली. व्हेंटिलेटर: एका श्वासाला ४४० मिली, मिनिटाला २० श्वास, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) १०, ऑक्सिजन ८० टक्के. पीपने फुप्फुसातले पाणी मागे रेटले जाते, म्हणून तो एक क्षणही सुटता कामा नये.

नॉरॲड्रिनॅलिन ४ मिग्रॅ ५० मिलीत, म्हणजे दर मिलीत ८० मायक्रोग्रॅम. ६८ किलोला ०.१५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट या दराने ताशी ७.७ मिली, आणि एक सिरिंज साडेसहा तास पुरते. प्रवासाला पुरेशी वाटते. वाटेत मात्रा दुप्पट करावी लागली तर तीच सिरिंज सव्वातीन तासांत संपते, म्हणजे केंद्र येण्याआधीच. म्हणून दुसरी सिरिंज भरून, लेबल लावून, दुसऱ्या पंपात बसवूनच न्यायची. हृदयाचा जोर वाढवणारे डोब्युटामिन २५० मिग्रॅ ५० मिलीत, ५ मायक्रोग्रॅमच्या दराने ताशी ४.१ मिली.

इथे एक मोह आवरावा लागतो. बीपी १२० पर्यंत नेले की पथकाला हायसे वाटते, पण रोहिण्या जितक्या आवळल्या जातील तितके रक्त मागे जाते. सरासरी ६५ पुरे. तसेच नाडी १२८ आहे म्हणून ती मंदावणारा बीटा-ब्लॉकर द्यायचा नाही. प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे जात असताना जास्त ठोके हाच शरीराचा आधार आहे. या रुग्णाच्या चार्टवर बीटा-ब्लॉकरची सकाळची मात्रा लिहिलेली होती. ती सिस्टरनी विचारल्यामुळे थांबली.

रुग्णवाहिका १२:२० ला आली. चालकाने सांगितले, सिलिंडर भरलेला आहे. गेजवर ९० बार होते. हिशेब: मिनिटाला सुमारे ९ लिटर श्वास, त्यात यंत्राचा वापर धरून १० लिटर, आणि सगळाच ऑक्सिजन मानायचा. प्रवास साडेतीन तास, दोन्ही टोकांना चढउतार अर्धा-अर्धा तास, एकूण २७० मिनिटे. म्हणजे २,७०० लिटर. गळती, वाहतूक आणि बिघाड धरून दुप्पट, ५,४००. सिलिंडरची पाणी-क्षमता ४७ लिटर, गुणिले ९० बार, सुमारे ४,२३० लिटर. १५० बारला तोच सिलिंडर ७,००० लिटर देतो. कोणीतरी म्हणाले, पुरेल की. सगळे सुरळीत झाले तर पुरला असता, पण दुपटीचा नियम सुरळीत न होणाऱ्या दिवसासाठीच असतो. सिलिंडर बदलायला २० मिनिटे लागली. गेजचा आकडा रुग्णवाहिका बोलावतानाच फोनवर विचारला असता तर तीही वाचली असती.

हलवताना आणि वाटेत

आयसीयूच्या व्हेंटिलेटरवरून प्रवासी व्हेंटिलेटरवर नेताना नळीला चिमटा लावायचा, म्हणजे पीप सुटत नाही. तो लावला गेला नाही. जोडणी पंधरा सेकंद सुटी राहिली, नळीतून फेस आला, ऑक्सिजन ७४ वर गेला. पुन्हा जोडल्यावरही वर येईना, हवेचा दाब वाढतच राहिला. कारण व्हेंटिलेटरच्या नळीतल्या फिल्टरमध्ये सापडले: तो फेसाने भिजून जवळजवळ बंद झाला होता. फिल्टर बदलताच हवा जाऊ लागली. फुप्फुसात पाणी असलेल्या रुग्णासोबत किमान तीन सुटे फिल्टर हवेत. शिवाय प्रवासी व्हेंटिलेटरवर आयसीयूतच १५ मिनिटे ठेवून पाहावे, म्हणजे असे प्रश्न माणसे आणि साहित्य हाताशी असताना कळतात.

२:३० ला रस्त्यावर धक्का बसला आणि थोड्या वेळाने नॉरॲड्रिनॅलिनच्या पंपाने अडथळ्याची सूचना दिली. नळी स्ट्रेचरच्या दांड्याखाली दबली होती. कमी दराने चालणारा पंप अडथळा उशिरा ओळखतो, तोवर सरासरी दाब ४१ वर आला होता. नळी मोकळी केली, आणि खरी हानी तेव्हा झाली. अडलेल्या नळीत दाबाखाली साठलेले औषध एकदम आत गेले, बीपी १७० वर चढले आणि नळीत पुन्हा फेस आला. बरोबर क्रम असा: आधी रुग्णाजवळचा तिवाटा (नळीतली तीन तोंडांची तोटी) बंद करायचा, सिरिंजच्या बाजूचा दाब बाहेर सोडायचा, मग दबलेली जागा मोकळी करायची, आणि शेवटी तिवाटा उघडायचा. पंपही हृदयाच्या पातळीला ठेवायचे. चढवताना पंप वर उचलला तरी औषधाचा छोटा घोट आत जातो आणि बीपी उसळते.

बलून पंप सोबत असता तर आणखी काही गोष्टी पाहाव्या लागल्या असत्या. पाय सरळ ठेवणे, डाव्या मनगटाची नाडी आणि लघवीचे प्रमाण तपासत राहणे, कारण बलून वर सरकला तर हाताची आणि खाली सरकला तर मूत्रपिंडांची रोहिणी झाकली जाते. धक्क्यांनी ईसीजी हलू लागला तर पंप रक्तदाबाच्या लहरीवर चालवायचा. बलून फुगवणाऱ्या हेलियमच्या नळीत रक्त दिसले तर बलून फुटला आहे, पंप लगेच बंद. आणि यंत्र थांबले तर बलून आत निपचित पडू द्यायचा नाही. अर्ध्या तासात त्यावर गुठळी धरू शकते, म्हणून हाताने सिरिंजने ठरावीक अंतराने फुगवून लगेच रिकामा करत राहावे लागते.

पोहोचल्यावर

४:४५ ला रुग्ण थेट कॅथलॅबमध्ये गेले. अँजिओग्राफी झाली, उजव्या रोहिणीत अडथळा सापडला, तिथेच बलून पंप बसला. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांनी विचारले, रक्त पातळ करणारे शेवटचे औषध कोणते आणि कधी? रेफर चिठ्ठीत लिहिले होते, ‘ब्लड थिनर चालू’. प्रादेशिक रुग्णालयात फोन करून चार्ट शोधण्यात २५ मिनिटे गेली. एनॉक्सापॅरिन आदल्या रात्री दहाला, क्लोपिडोग्रेल ७५ मिग्रॅ आदल्या सकाळी. क्लोपिडोग्रेलनंतर एरवी पाच दिवस थांबतात. इथे थांबणे शक्य नव्हते, म्हणून प्लेटलेट्स मागवून ठेवायच्या होत्या. औषध, मात्रा, वेळ ही एक ओळ सकाळीच फोनवर गेली असती तर त्या पोहोचण्याआधीच तयार असत्या.

झडप बदलली, एक बायपास झाला. एकूण वेळ मांडला तर पहाटे ४:१० ते दुपारी १:०५, म्हणजे जवळपास नऊ तास रुग्णालयाच्या आत गेले, आणि रस्त्यावर तीन तास चाळीस मिनिटे. सायरनने वाचली असती तर दहा-पंधरा मिनिटे, आणि तीही धक्क्यांच्या बदल्यात.

प्रादेशिक रुग्णालयाचे भूलतज्ज्ञ त्या दिवशी रात्री उशिरा परतले. तोवर तिथे एक सिझेरियन पुढे ढकलावे लागले. सोबत जाणारा डॉक्टर मागे कोणती जागा रिकामी करून जातो, हेही निघण्याआधी ठरवायचे असते: बदली कोण, आणि परतीची गाडी कोणाची.

सकाळी केंद्रात जो बेड नव्हता त्याचीही चौकशी नंतर झाली. आयसीयूत आणि आयसीयूनंतर ठेवतात त्या वॉर्डात शस्त्रक्रिया होऊन सावरलेले रुग्ण होते. आपापल्या भागातल्या रुग्णालयात परत जायला ते तयार होते, पण तिकडून होकार आला नव्हता, किंवा गाडी मिळाली नव्हती. जाण्याचे स्थलांतर सगळे धावून करतात. परतीचे कोणाचेच काम नसते. म्हणून या रुग्णाच्या स्वीकाराच्या फोनवरच प्रादेशिक रुग्णालयाकडून परतीचा होकार घेतला गेला होता. दहाव्या दिवशी ते साध्या रुग्णवाहिकेने परतले. जैविक झडप बसवली असल्याने तीन महिने रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा आकडा) २ ते ३ च्या दरम्यान, पहिली तपासणी तिसऱ्या दिवशी, आणि शेवटच्या मात्रेची तारीख व वेळ चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत.